पाच लाखांचं कार्ड, पाचशे खाटांचं रुग्णालय

१८ मृत्यू, २४ तास, ५०० खाटा. १२-१३ ऑगस्ट २०२३ च्या शनिवार-रविवारी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात हे घडलं, आणि पुढचे काही दिवस चर्चा झाली ती अठराच्या आकड्याची. मला त्या आकड्याची फोड जास्त बोलकी वाटते. महापालिका आयुक्तांनी दिलेल्या माहितीप्रमाणे अठरांपैकी ६ जण ठाणे शहरातले होते, ४ कल्याणचे, ३ शहापूरचे. भिवंडी, उल्हासनगर आणि मुंबईतल्या गोवंडीचा प्रत्येकी एक. एकाच्या पत्त्याची नीट नोंद नव्हती आणि एकाची ओळखच पटलेली नव्हती. १० स्त्रिया, ८ पुरुष. १२ जण पन्नाशीच्या पुढचे.

ठाणे महापालिकेच्या तिजोरीवर चालणाऱ्या रुग्णालयात दगावलेल्या दर तिघांत ठाणेकर एकच होता. बाकीच्यांच्या गावांत सरकारी रुग्णालयं नाहीत असंही नाही. कल्याणात पालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय, उल्हासनगरात राज्य सरकारचं मध्यवर्ती रुग्णालय, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, शहापुरात उपजिल्हा रुग्णालय. तरी रुग्णाचा श्वास अडला, व्हेंटिलेटरची गरज पडली, की केसपेपरवर ‘रेफर’ असं लिहून येतं आणि नातेवाईक कळव्याची वाट धरतात. त्यात ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे ३३६ खाटांचं विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, नव्या इमारतीसाठी जुन्या जागेवरून हलवून मनोरुग्णालयाच्या आवारात नेलं होतं. तिथला भारही कळव्यावर आला. १८ मृत्यूंच्या आधी, १० ऑगस्टला, याच रुग्णालयात एका दिवसात ५ मृत्यू झाले होते, आणि त्यावरून राजकीय आरडाओरडाही झालेला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवजात अतिदक्षता विभागात महिन्याभरात २१ बाळं दगावली. त्यांतली बहुतेक कमी वजनाची होती.

आता याच जागेचा राजकीय नकाशा पाहू. रुग्णालय ठाणे महापालिकेचं. विधानसभा मतदारसंघ मुंब्रा-कळवा, आमदार जितेंद्र आव्हाड. लोकसभेला मात्र मुंब्रा-कळवा ठाण्यात नाही, कल्याणमध्ये मोडतो आणि कल्याणचे खासदार डॉ. श्रीकांत शिंदे, शिक्षणाने अस्थिरोग शल्यचिकित्सक. त्यांचे वडील एकनाथ शिंदे तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री, आणि त्यांचा कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघ याच शहरात. सार्वजनिक आरोग्यावरच्या खर्चाबद्दल उमेदवारांची भूमिका तपासायला महाराष्ट्रात यापेक्षा सोयीची जागा सापडणं कठीण. इथे डॉक्टर उमेदवार आहे, तेव्हाच्या मुख्यमंत्र्याचं गाव आहे, महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ या एकाच वर्षात इथे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकाही झाल्या.

त्या निवडणुकांचा निकाल असा. मे २०२४ मध्ये कल्याणमधून डॉ. शिंदे यांना ५,८९,६३६ मतं मिळाली, ठाकरे गटाच्या वैशाली दरेकर-राणे यांना ३,८०,४९२. फरक २,०९,१४४. ठाण्यात शिंदे गटाच्याच नरेश म्हस्के यांनी ठाकरे गटाच्या राजन विचारे यांना २,१७,०११ मतांनी हरवलं. नोव्हेंबरमध्ये एकनाथ शिंदे १,२०,७१७ मतांनी जिंकले, आणि ज्यांनी कळव्यातल्या मृत्यूंचा विषय लावून धरला ते आव्हाड ९६ हजारांहून जास्त मतांनी. रुग्णालयाचा कारभार ज्यांच्या माणसांकडे, तेही मोठ्या फरकाने निवडून आले आणि त्या कारभारावर तुटून पडलेलेही. या निकालांतून कळव्याबद्दल मतदारांचं काय मत होतं ते काढायला जाऊ नये. कल्याणात तर २०.८२ लाख मतदारांपैकी जेमतेम ५०.१२ टक्के मतदानाला आले होते.

निकालापेक्षा आश्वासनांची यादी उपयोगी पडते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला महायुतीने दहा वचनं दिली. लाडक्या बहिणींना २,१०० रुपये, शेतकऱ्यांची कर्जमाफी, २५ लाख रोजगार, वीजबिलात ३० टक्के कपात, ४५ हजार गावांत पाणंद रस्ते. या दहांत आरोग्याशी नातं सांगणारं वचन एकच: अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिना १५ हजार रुपये आणि विम्याचं कवच. रुग्णालय, खाटा, औषधं यांचा उल्लेख नाही. महाविकास आघाडीने पाच गॅरंट्या दिल्या, त्यांत आरोग्याची एक होती: कुटुंबाला २५ लाखांपर्यंत आरोग्यविमा आणि मोफत औषधं. ही कल्पना राजस्थानची. तिथल्या अशोक गेहलोत सरकारच्या चिरंजीवी योजनेत विम्याची मर्यादा २५ लाखांवर गेली होती.

विम्याचा आकडा वाढवण्याची ही शर्यत महाराष्ट्रात आधीपासून चालू आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर गेली. तेव्हा मर्यादा दीड लाखाची. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली आणि एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ मध्ये शिंदे सरकारने मर्यादा पाच लाख केली आणि पिवळं-केशरी-पांढरं असा शिधापत्रिकेचा भेद काढून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना त्यात घेतलं. उपचारांची यादी ९९६ वरून १,३५६ वर गेली. कागदावर हा मोठा निर्णय होता, आणि ज्याच्या घरात बायपास किंवा डायलिसिस आहे त्याच्यासाठी तो कागदाबाहेरही मोठाच आहे. तो निर्णय आणि कळव्याचे १८ मृत्यू यांच्यात तीन आठवड्यांचंही अंतर नाही.

पण विमा पैसे देतो ते रुग्ण दाखल झाल्यावर आणि उपचार यादीत असेल तर. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा चार दिवसांचा ताप, सोनोग्राफी, डॉक्टरने ‘बाहेरून आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी, हे सगळं विम्याच्या बाहेर राहतं. साध्या घराचा पैसा बहुतेक याच वाटेने जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर दरडोई ६,६०२ रुपये खर्च झाले. त्यांतले ३,१६९ सरकारांनी केले आणि २,६०० लोकांनी थेट खिशातून घातले. एकूण खर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ वर आला. सरकारी वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. या घसरणीच्या मोजणीबद्दल अर्थतज्ज्ञांत वाद आहे, पण ती पूर्ण खरी मानली तरी शंभरातले चाळीस रुपये आजही रुग्णाच्या घरातून जातात. सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करायचा, हे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचं २०२५ पर्यंतचं उद्दिष्ट. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्के आरोग्याला द्यावेत असं तेच धोरण म्हणतं. महाराष्ट्र पाचाच्या आत आहे, देशातल्या राज्यांची सरासरी सहाच्या वर. श्रीमंत राज्य म्हणून मिरवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

पाच लाखांचे पंचवीस लाख केले तर कळव्यात किती खाटा वाढतील? एकही नाही. म्हणून खाटांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८.४१ लाख होती, कल्याण-डोंबिवलीची १२.४७ लाख. कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये २७ गावं आली, ती या आकड्यात नाहीत. पुढची जनगणना २०२७ ची, म्हणजे आज आपण पंधरा वर्षं जुन्या माणसांसाठी खाटा मोजतो आहोत. घोडबंदर रोडचे मनोरे, कल्याण-शिळ रस्त्याची संकुलं, दिव्याच्या चाळी यांतली बरीचशी माणसं या गणतीत नाहीतच. तरी तोच आकडा धरू. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं, २०२२ ची आवृत्ती, हजार लोकांमागे किमान १ खाट आवश्यक मानतात, २ असल्या तर उत्तम. ठाण्यात कळव्याच्या ५०० आणि जुन्या सिव्हिलच्या ३३६ मिळून ८३६. हजारामागे ०.४५. किमान गरजेच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेही कळव्यात फक्त ठाणेकर येतात असं खोटंच गृहीत धरून. कल्याण-डोंबिवलीला त्याच मापाने सुमारे १,२५० खाटा हव्यात. तिथली पालिकेची दोन्ही मुख्य रुग्णालयं शे-सव्वाशे खाटांच्या घरातली. बारा लाखांच्या शहराला तालुक्याच्या ठिकाणी असावीत तशी दोन रुग्णालयं. कल्याणचे चार रुग्ण कळव्यात का होते, ते इथे कळतं.

सिव्हिलच्या जागी आता ९०० खाटांचं रुग्णालय उभं राहतं आहे. सर्वसाधारण ५००, अतिविशेषोपचार २००, स्त्रिया आणि बालकांसाठी २००. ते पूर्ण चाललं तर ठाण्यात १,४०० खाटा होतील, २०११ च्या लोकसंख्येवर हजारामागे ०.७६. ठाण्याची लोकसंख्या २५ लाख धरली तर ०.५६. शिंदे यांच्या गटाचा उमेदवार आरोग्याबद्दल बोलतो तेव्हा हे काम यादीत वर असतं, आणि असायला हरकत नाही. राज्याच्या तिजोरीतून ठाण्यात एवढी मोठी आरोग्याची गुंतवणूक आधी झालेली नव्हती. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं तेही डॉ. शिंदे यांच्याच मतदारसंघात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यात दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केलं, एकूण ९०० जागांची. त्यांत अंबरनाथच्या १००.

इमारतींबाबतची भूमिका अशी स्पष्ट आहे. दुसरी भूमिका मदतीची, आणि ती या भागात जास्त खोल रुजलेली आहे.

ठाण्याच्या राजकारणात आजारी माणसाची मदत ही जुनी रीत आहे. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या टेंभी नाक्यावरच्या दरबारात लोक जी कामं घेऊन जात, त्यांत रुग्णालयात खाट मिळवून द्या, बिल कमी करून द्या, रुग्णवाहिका पाठवा ही कामं मोठ्या संख्येने असत. त्याच दिघे यांचा २६ ऑगस्ट २००१ रोजी सिंघानिया रुग्णालयात मृत्यू झाला, तेव्हा जमावाने ते रुग्णालय जाळलं आणि शहरातलं एक मोठं रुग्णालय कायमचं गेलं. ठाण्याच्या आरोग्याचा हिशेब मांडताना ही वजाबाकीही धरायला हवी. ती सहसा कुणी धरत नाही.

शाखेतली मदत पुढे कक्ष झाली. डॉ. श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने शिवसेना वैद्यकीय मदत कक्ष चालू झाला, त्यांच्या नावाचं फाउंडेशन शिबिरं घेतं, लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांना मदत करतं. वडील मुख्यमंत्री झाल्यावर मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष जोरात चालू झाला. पहिल्या दोन वर्षांत ३६ हजारांहून जास्त रुग्णांना सुमारे ३०० कोटी रुपये दिल्याचं कक्षाने सांगितलं. रुग्णामागे सरासरी ८३ हजार. ज्याच्या हातात हे पैसे पडले त्याच्या दृष्टीने या आकड्यावर टीका करायला जागा नाही. पण धोरण म्हणून पाहायचं तर भागाकार पुढे न्यावा लागतो. वर्षाला १८ हजार रुग्ण, राज्यात ३६ जिल्हे. जिल्ह्यामागे वर्षाला ५००.

यातली बहुतेक मदत खासगी रुग्णालयाच्या बिलासाठी जाते. त्यासाठी अर्ज, रुग्णालयाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि बऱ्याचदा लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र लागतं. रुग्णालाही कळतं की मदत कुणामुळे मिळाली. हा रुग्ण त्या नेत्याला विसरत नाही. आणि महापालिकेच्या दवाखान्यात रोज सकाळी वेळेवर बसणारा डॉक्टर कुणामुळे बसतो, हे कुणालाही ठाऊक नसतं. राजकारणाचं पारडं मदतीकडे का झुकतं ते समजायला यापेक्षा फार खोलात जावं लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी पहिली सही केली ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या एका रुग्णाला ५ लाख देण्याच्या फायलीवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री शिंदे यांचा वेगळा वैद्यकीय मदत कक्ष मंत्रालयात उभा राहिला. एकाच सरकारात आजारी माणसाला मदत करणारे दोन कक्ष, दोन प्रमुख. सत्तेतल्या दोन पक्षांना हे खातं दुसऱ्याकडे सोडवत नाही, याचा अर्थ त्यातून मतं मिळतात असा त्यांचा अंदाज असणार.

खासदाराची अडचणही समजून घ्यायला हवी. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय. त्याला स्वतःच्या हाताने वाटता येतो तो खासदार निधी, वर्षाला ५ कोटी. कल्याणच्या २०.८२ लाख मतदारांत वाटला तर डोक्यामागे २४ रुपये. त्यातून रस्ते, समाजमंदिरं, वाचनालयं, रुग्णवाहिका सगळंच करायचं. आणि हा निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो: यंत्र घेता येतं, खोली बांधता येते, ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार देता येत नाही. उमेदवार डॉक्टर असो वा नसो, नियमच त्याला इमारत आणि यंत्राकडे ढकलतात.

आणि खरा प्रश्न पगाराचा आहे. ९०० खाटांचंच उदाहरण घेऊ. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचं सर्वसाधारण वॉर्डासाठीचं जुनं प्रमाण सहा खाटांमागे एक परिचारिका असं आहे. अतिदक्षता विभागात याहून कितीतरी जास्त लागतात, पण सगळ्या खाटा सर्वसाधारण धरू. एका पाळीला १५०, तीन पाळ्यांना ४५०. रजा आणि सुट्ट्यांची जादा पदं सोडून. राज्यात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता, घरभाडं धरून महिना ६० हजार समजू. महिन्याला २ कोटी ७० लाख, वर्षाला ३२ कोटी ४० लाख. इमारतीचा खर्च पाचशे कोटींच्या पुढे गेलेला आहे, आणि पगारात एका रुपयाची वाढ न धरताही नुसत्या परिचारिकांवर १७ वर्षांत साडेपाचशे कोटी लागतात. डॉक्टर, तंत्रज्ञ, औषधं, ऑक्सिजन, वीज, लिफ्टची दुरुस्ती यांतलं काहीच अजून मोजलेलं नाही. भूमिपूजन एकदा होतं, पगार दर महिन्याला.

पगाराची कायमची सोय न करता खाटा उभारणं ठाण्याने एकदा करून पाहिलेलंही आहे. जून २०२० मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये काही आठवड्यांत १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. कळव्याच्या दुप्पट! खाटा, ऑक्सिजनची नळी, अतिदक्षता कक्ष सगळं झालं. डॉक्टर आणि परिचारिका कंत्राटी होत्या, ठोक मानधनावर. साथ ओसरली, करार संपले, १,०२४ खाटा संपल्या. शहराच्या कायमच्या क्षमतेत त्यांतून काय उरलं, ते ऑगस्ट २०२३ ने दाखवलं.

राज्यभरातही चित्र असंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांची २९ टक्के पदं रिकामी असल्याची नोंद आहे. वैद्यकीय शिक्षण विभागात हेच आकडे ३७, ३५ आणि ४४. अंबरनाथच्या महाविद्यालयासह दहा नवी महाविद्यालयं या दुसऱ्या विभागाकडे गेली आहेत.

मग पैसा कुणी घालायचा? मुंबई महापालिकेने २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला, त्यात आरोग्याला ७,३८० कोटी, म्हणजे साधारण १० टक्के. आदल्या वर्षी ५९,९५४ कोटींत ७,१९१ कोटी होते, १२ टक्के. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १.२४ कोटी, म्हणजे डोक्यामागे आरोग्याला सुमारे ५,९०० रुपये. ठाण्याचा त्याच वर्षाचा एकूण अर्थसंकल्प ५,६४५ कोटींचा, कल्याण-डोंबिवलीचा तीन हजार तीनशे कोटींच्या वर. ठाण्याने मुंबईसारखे १० टक्के आरोग्याला दिले तरी ५६४ कोटी होतात, डोक्यामागे ३,०६० रुपये. कल्याण-डोंबिवलीत तेवढेच टक्के दिले तर २,६५० च्या आसपास. टक्का तोच, पैसा निम्मा. केईएम, शीव, नायर, कूपर ही मुंबईची मोठी रुग्णालयं जकातीच्या श्रीमंतीतल्या पिढ्यांनी उभी केली आणि चालवली. ठाण्याकडे तेवढी मिळकत कधी नव्हती, कल्याणकडे तर त्याहून नाही. म्हणूनच ‘मुंबईसारखी आरोग्यसेवा देऊ’ म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारायचं ते एवढंच, की डोक्यामागचे उरलेले तीन हजार रुपये राज्याकडून आणणार की मालमत्ता करातून?

एक गफलत इथे नेहमी होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय चांगला होता. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांना लागू आहे. कळवा, रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर त्या विभागाची नाहीत, महापालिकांची आहेत. शहरात राहणारा रुग्ण जिथे आधी जातो तिथे तो शासननिर्णय पोचतच नाही. तिथे मोफत द्यायचं तर पालिकेने आपल्या खिशातून द्यायचं.

पालिकेचा खिसा सांभाळायला मधली काही वर्षं लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतं. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. तेव्हापासून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत दोन्हीकडे प्रशासक. कल्याण-डोंबिवलीत २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंतचे पाच अर्थसंकल्प आयुक्तांनीच मांडले आणि आयुक्तांनीच मंजूर केले. रुक्मिणीबाईत एक्स-रे तंत्रज्ञ का नाही, हे सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. डोंबिवलीतलं पालिकेचं सूतिकागृह वर्षानुवर्षं बंद राहिलं, मग त्या जागेवर खासगी भागीदारीतून रुग्णालय बांधायचं ठरलं. या निर्णयांवर प्रभागात वाद झाला असता, सभागृहात झाला नाही. आता ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ जागांची सभागृहं आहेत.

या नगरसेवकांनी उद्या एकमताने ठराव केला की कळव्यात ३०० परिचारिका भरा, तरी त्या लगेच भरता येत नाहीत. पालिकेला नवी पदं निर्माण करायची तर पदांचा आकृतिबंध राज्य सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा अशी अट आहे. रस्ता आणि उड्डाणपुलासाठी कर्ज काढलं तर ते या ३५ टक्क्यांत धरलं जात नाही, परिचारिका धरली जाते. त्यामुळे पालिका सोपी वाट काढतात: ठेकेदारामार्फत कर्मचारी, बाह्ययंत्रणेकडून प्रयोगशाळा, खासगी भागीदारीतून डायलिसिस. हा खर्च दुसऱ्या शीर्षाखाली जातो आणि ३५ टक्क्यांची रेघ शाबूत राहते. ठाण्याने ‘आपला दवाखाना’ राज्याच्या आधी करून पाहिला तोही याच रीतीने, खासगी संस्थेमार्फत. राज्याने १ मे २०२३ ला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने तो तालुक्या-तालुक्यात नेला.

आकृतिबंधाची ही फाईल मंत्रालयात नगरविकास विभागात जाते. डिसेंबर २०१९ पासून, मधले काही दिवस सोडले तर, उद्धव ठाकरे यांचं सरकार असो, स्वतः मुख्यमंत्री असोत वा फडणवीस यांचे उपमुख्यमंत्री, हा विभाग एकनाथ शिंदे यांच्याकडे आहे. आरोग्य खात्याचे मंत्री मधल्या काळात बदलत गेले, नगरविकासचे बदलले नाहीत. रुग्णालयांच्या पदांसाठी ३५ टक्क्यांची अट शिथिल करायची की नाही, हा निर्णय ठाण्याच्याच आमदाराच्या सहीने होऊ शकतो.